मागची डावी जागा

१

वाकडी सुई डबीत परत ठेवली होती की नव्हती, या एका गोष्टीपायी तिला रात्रभर डोळा लागला नाही.

सुई म्हणजे घरात बटणं लावायची नव्हे. गादीकामाची, चंद्रकोरीसारखी वाकलेली, चांगली बोटाएवढी लांब. मशीन जिथे पोचत नाही तिथे हाताने टाका घालायला ती लागते. आपल्या सगळ्या सुयांच्या नेढ्याशी तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता, खाली पडली तर चटकन दिसावी म्हणून. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, यावरून तिची यथेच्छ टिंगल केली होती. "सुयांना रंगवतेस होय सूनबाई? थोडी पावडरपण फास. कुठे बाहेर निघाल्यात काय?"

आता ती छताकडे बघत पडली होती आणि तिला आठवत नव्हतं. शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. इथपर्यंत सगळं लख्ख. त्यानंतर हाताने काय केलं? समजा सुई गाडीच्या सीटमध्येच राहिली. आणि उद्या सकाळी लेक, खारू, त्या सीटवर बसली. पुढे तिच्या डोळ्यांपुढे जे जे आलं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना ते न सांगता दिसेल, आणि ज्यांना नाहीत त्यांना बाई जरा अतीच करते असं वाटेल. तिलाही तसंच वाटत होतं. म्हणून काही झोप येत नव्हती.

खरी भीती सुईची नव्हतीच. खरी भीती ही, की सुई टोचली तरी खारू ओरडणार नाही.

खारू चार वर्षांची होती आणि बोलत नव्हती. आधी बोलायची. दूध, चांदोबा, मला नको, सगळं वेळच्या वेळी आलं होतं. मग एकेक शब्द गळत गेला, उन्हाळ्यात नळाची धार बारीक होत जाते तसा, आणि एक दिवस नळ कोरडा. कान चांगले होते, घसा चांगला होता, डॉक्टर वाट बघा म्हणाले. नवरा लांबच्या बांधकामावर असायचा. तो फोनवर म्हणायचा, "बोलेल गं. माझ्यावर गेलीय. तुला बघायला आलो तेव्हा मी तरी कुठे बोललो होतो?" ती हसायची. फोन ठेवला की स्वतःचे सगळे गुन्हे पुन्हा पहिल्यापासून तपासायची. कधी आपण ओरडलो, कधी मोबाइल दिला, कधी कामाच्या नादात हाक ऐकली नाही.

२

कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. पत्र्याचं छप्पर, दोन ट्यूबलाइट, कापायचं मोठं टेबल आणि चिकटवायच्या सोल्युशनचा न जाणारा वास. अर्धांगाच्या झटक्यानंतर आबांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा ती 'चार दिवस मदतीला' म्हणून इथे आली. रसायनशास्त्राची पदवी तिने धान्याच्या डब्यामागे ठेवून दिली, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत.

मधोमध ती गाडी उभी होती. दोन पिढ्यांपूर्वीची, लांब नाकाची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. मालकाने ती कुठल्याशा बंद शेडमधून उचलून आणली होती. रंग झाला होता, इंजिन बसलं होतं. चाकं पॉलिशला गेली होती, म्हणून गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली. उरलं होतं आतलं काम. सीटा, दारांचे पॅनेल, छताचं कापड.

सकाळी तिने मोठा लोहचुंबक घेऊन मागची सीट इंच इंच तपासली. टाचण्या लागल्या, एक खिळा लागला. सुई नाही. टेबलाखाली नाही, केरात नाही. डबीतल्या स्पंजच्या तुकड्यावर बाकी सगळ्या सुया आपापल्या भोकात उभ्या होत्या, आणि एक भोक रिकामं.

वाकून वाकून कंबर धरली तेव्हा ती सरळ झाली, आणि तिला खळगा दिसला.

सीटच्या डाव्या बाजूला, खिडकीशी. फार खोल नव्हता. कुणीतरी लहान मूल रोज एकाच जागी बसावं आणि सीटने ते लक्षात ठेवावं, तसा. पुढे काठापर्यंत दोन पायांचे दोन उथळ ओघळ.

काल भरलेली सीट. नव्या स्प्रिंगा, त्यावर तागाचं कापड, त्यावर काथ्या, त्यावर फोम. यावर म्हैस बसली तरी उठल्यावर ती वर येते.

"आबा, हे बघा जरा."

आबा दारातल्या खुर्चीवरून काठी टेकत आले. चष्मा कपाळावरून खाली ओढला. "ही काय सीट आहे? कढई केलीस कढई. ताण वजा केला होतास का?"

तिने जीभ चावली. गादीकामात नवीन कव्हर कापायला जुनंच उसवून फर्मा म्हणून वापरतात. पण जुनं चामडं बसून बसून ताणलेलं असतं, ते आहे तसं आखलं तर नवं कव्हर सैल होतं. तेवढा ताण मोजून कमी करायचा, हा आबांचा पहिला धडा. डावा तुकडा आखला त्या दिवशी खारूची डॉक्टरांकडे वेळ होती. घाईत तिने जुन्याभोवती खडू फिरवला आणि कात्री चालवली. वर्षानुवर्षं कुणी तरी बसलेलं माप तिने जसंच्या तसं नव्या चामड्यात उतरवलं होतं.

"विसरले," ती म्हणाली.

"होतं तसं. पुन्हा काप." आबा खुर्चीकडे वळले.

चूक सापडली म्हणून तिला हायसं वाटलं. पाच मिनिटांनी कळलं की चुकीने काहीच सुटत नाही. सैल चामड्याला सुरकुती पडते. खळगा पडत नाही.

३

सोल्युशन लावायचं असलं की ती खारूला गाडीत बसवायची, वास छातीत जाऊ नये म्हणून. काच वरून बोटभर उघडी. दारांच्या आतल्या कड्या आणि काचा फिरवायच्या मुठी तिने पॅनेल मढवायला काढून डब्यात ठेवल्या होत्या. दार फक्त बाहेरून उघडायचं. म्हणून ती चार हातांवरच काम करायची, आणि दार लावताना न चुकता विचारायची, "बोटं आत?"

खारू दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवायची. मायलेकींचं दिवसभराचं संभाषण म्हणजे एवढंच.

त्या दिवशी चुंबक पुन्हा एकदा फिरवून, स्वतः दोनदा बसून, टोचत नाही याची खात्री करून तिने खारूला आत सोडलं. खारू सरळ डावीकडे सरकली आणि खळग्यात बसली. चुंबळीत भांडं बसावं तशी. तिचे पाय त्या दोन ओघळांतून बरोबर काठापर्यंत गेले.

आई पॅनेलवर ब्रश फिरवत होती. मागून आवाज आला.

"अजून किती लांब?"

तिच्या हातातला ब्रश चामड्यावर पडला. बारीक, थोडा घोगरा, बरेच दिवस न वापरलेला आवाज. तिने मान वळवली. काचेमागे खारू पुढे बघत बसली होती, हनुवटी वर, पाय हलवत. एवढा वेळ गेला की आईला वाटलं, आपल्यालाच भास झाला, सोल्युशन डोक्यात गेलं.

मग खारू समजुतीने म्हणाली, "बरं."

"आबा!" ती किंचाळलीच. "आबा, बोलली! खारू बोलली!"

आबा कसे आले कोण जाणे, काठी तिथेच राहिली. दोघं काचेला नाक लावून उभे राहिले. खारूने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती खिडकीबाहेर बघत होती, पण त्यांच्या तोंडांकडे नाही. त्यांच्यातून आरपार, मागे काहीतरी सरकत जावं तसे तिचे डोळे एका बाजूकडून दुसरीकडे सरकत होते, पुन्हा मागे येत होते, पुन्हा सरकत होते.

"किती गाई," खारू म्हणाली.

आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "सीट राहू दे अशीच," ते म्हणाले. "मालकाला काय सांगायचं ते मी बघतो."

४

दारातून बाहेर काढली की खारू गप्प. पुन्हा आत, डाव्या जागेवर बसवली की थोड्या वेळाने बोलणं सुरू. उजवीकडे बसवून बघितलं, पुढे बसवून बघितलं. नाही. डावी जागाच.

आईने पुस्तकी बुद्धी पाजळली. बंद जागेत मुलांना सुरक्षित वाटतं. कल्पनेतला सोबती असणं या वयात नॉर्मल. आपण बघत नाही असं वाटलं की मूल मोकळं होतं. तिने मनाशी सगळं नीट मांडलं, आणि सगळं पटण्यासारखं होतं. एकच अडचण होती. खारूचं बोलणं म्हणजे फक्त अर्धं बोलणं होतं.

"तहान लागली." मग थांबायची. मग, "नको, पोचल्यावर पिते."

"हे गाणं नको." थांबायची. मग हसायची. नुसतं नाही, कुणीतरी गंमत केल्यावर हसतात तसं, खुदुखुदू.

"झोपू का मी?" या वेळी बराच वेळ गेला. "नक्की उठवशील?"

मधल्या जागा नेमक्या होत्या. दुसऱ्याचं वाक्य बसेल एवढ्या. एकटीच खेळणारी पोरं दोन्हीकडचं बोलतात, हे तिला माहीत होतं. खारू दुसरीकडचं कधीच बोलत नव्हती. ऐकत होती.

पण आवाज तिच्या लेकीचा होता. उपाशी माणसाने ताट कुणी वाढलं ते विचारू नये, तशी ती काचेला कान लावून ते शब्द गोळा करायची. काम पुढे ढकलायची. मालकाचा फोन आला की म्हणायची, चामडं मुरतंय. चामडं काय लोणचं आहे मुरायला? पण मालक भला माणूस, बरं म्हणायचा.

तिने मोबाइलवर आवाज टिपला आणि नवऱ्याला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. बराच वेळ नुसता नाक ओढत होता.

"मी म्हटलं नव्हतं? म्हटलं होतं ना मी?"

"हो रे बाबा. तूच शहाणा."

"पण कुठे फिरायला गेला होतात? आबांना घेऊन?"

"कुठे जाणार? कारखान्यातच आहोत."

"मग मागे इंडिकेटर कसला वाजतोय?"

तिने कानात इअरफोन घालून पुन्हा ऐकलं. तिच्या कानाला आधी ऐकू आलं नव्हतं, आता दुसरं काही ऐकू येईना. टिक, टिक, टिक, टिक. वळणापुरतं वाजून बंद होत होतं.

ती जाऊन गाडीच्या पुढच्या बाजूला वाकली. वायरी चिकटपट्टीने गुंडाळून तशाच लोंबत होत्या. कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

५

आंघोळ घालताना तिला हात दिसला.

खारूचा डावा हात. बाहीच्या खालपासून बोटांपर्यंत रापलेला. उजवा नेहमीसारखा. तिने साबण लावून घासलं, वाटलं मळ आहे. खारूने दुखल्यासारखा हात मागे ओढला.

"उन्हात सोडलंस काय पोरीला?" आबा म्हणाले. "सालटं निघायला आलीत."

"ती दिवसभर कारखान्यात असते, आबा. तुमच्या डोळ्यांसमोर."

"मग ट्यूबलाइटचं असेल."

ट्यूबलाइटने कातडी रापत नाही, आणि रापलीच तर एकच हात रापत नाही. एक हात कुणाचा रापतो, हे तिला ठाऊक होतं. रोज गाडीतून लांब जाणाऱ्याचा. खिडकीकडचा. पण ठोकळ्यांवर टेकलेल्या गाडीत ही गोष्ट कुठे ठेवायची, ते तिला कळेना. तिने हाताला खोबरेल लावलं आणि त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं. असं ठरवून कुणाला जमलंय!

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरताना खारूची मूठ मिटलेली होती. केस एका बाजूला उडून बसलेले, त्यात बारीक धूळ.

"काय आहे गं? दाखव."

खारूने मूठ उघडली. तळव्यावर वाकडी सुई. आईने झडप घालून उचलली, तळवा उलटापालटा करून बघितला. कुठे खरचटलेलंही नव्हतं. मग तिने सुईकडे बघितलं.

सुई गंजली होती. वरवर नाही, आतपर्यंत, खपल्या धरलेली, हात लावताच भुगा सुटणारी.

"जुन्या कारागिराची असेल," आबा म्हणाले. "आत राहिली असेल कधीची."

तिलाही तेच म्हणायचं होतं. स्प्रिंगा नव्या, फोम नवा, चुंबक दोनदा फिरवलेला, तरी म्हणायचं होतं. गंज चढायला पाणी लागतं, हवा लागते आणि वेळ लागतो, हे तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. नेढ्याशी, गंजाच्या खपलीखाली, नेलपॉलिशचा ठिपका होता. विटलेला, तडकलेला, पण तिचाच लाल.

६

त्या दिवशी ती वागायला हवं तशी वागली. हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हरकत नाही.

तिने डावा तुकडा उसवला. काथ्या नव्याने पिंजून भरला, वर फोमचा जादा थर दिला. नवं चामडं घेतलं, आबांना विचारून विचारून ताण वजा केला, आणि असं कव्हर चढवलं की आबा त्यावर थरथरता हात टेकवून म्हणाले, "आता तू मला पेन्शन द्यायला हरकत नाही." सीट तळहातासारखी सपाट झाली. एवढं चांगलं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं.

खारूला आत बसवलं. "बोटं आत?" दहा बोटं वर.

खारू डावीकडे सरकली. बसली. घसरली. पुन्हा बसली. हाताने सीट चाचपली. मग तिने आईकडे काचेतून जे बघितलं, ते आईला विसरता आलं नाही. स्टेशनवर मागे राहिलेल्या मुलासारखं. बोलली काही नाही.

तो दिवस गेला, पुढचा गेला. खारू जेवेना. खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान वळवायची आणि गाडी निघून गेली की मान खाली घालायची. संध्याकाळी नवऱ्याचा फोन. "दे ना तिला. बोलू दे माझ्याशी." आई फोन खारूच्या कानाशी धरून उभी राहिली. पलीकडून तो हाका मारत राहिला, लाडाने, मग गमतीने, मग रडकुंडीला येऊन. खारू फोनकडे बघत राहिली, फोन म्हणजे एखादा दगड असावा तशी.

सकाळी आबा उठायच्या आत ती कारखान्यात गेली आणि आपलं सर्वात चांगलं काम तिने स्वतःच्या हाताने उसवलं. जादा फोम काढून फेकला. सैल कापलेलं आधीचं कव्हर केरातून उचलून झटकलं आणि परत चढवलं. मग गुडघा रोवून, वाफ देऊन, मुठींनी दाबून दाबून खळगा करायला लागली. आपण हे करतोय, हे तिला दिसत होतं. आपण काय बोलावतोय ते माहीत नाही आणि तरी बोलावतोय, हेही दिसत होतं. फक्त हात थांबत नव्हते.

फार दाबावं लागलं नाही. सीट आपण होऊन खाली गेली.

७

"ठरल्याआधी आजच येतोय," मालकाचा फोन आला. "दुपारी चाकं बसवायला माणसं येतील. संध्याकाळी घेऊन जातो. तुमचं उरलेलं काम माझ्या गॅरेजमध्ये करा, कसं?"

"बरं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

म्हणजे एवढीच सकाळ. तिने खारूला आत बसवलं. पोरीचा चेहरा उजळला. बसल्या बसल्या पाय हलायला लागले. आई टेबलाशी न जाता काचेशीच उभी राहिली. नव्या चामड्याच्या काठाला, खारूच्या टाचा लागायच्या तिथे, चामडं घासून पांढरं पडलं होतं. पुष्कळ वर्षांची जागा असावी तशी.

"अजून किती लांब?" मग थांबली. आणि या वेळी 'बरं' नाही. खारू सीटवर गुडघे टेकून उठली आणि पुढे बघायला लागली. "कुठाय? कुठाय?"

आईने काचेच्या फटीला तोंड लावलं. "खारू. खारू, इकडे बघ."

"हां, दिसला! दिवा दिसला!" टाळ्या. मग पुन्हा बसली आणि शहाण्यासारखी सँडल शोधायला लागली. एक पायात घातली. दुसरी घालता घालता थांबली, नि हळू आवाजात, विचारू की नको असं वाटल्यासारखं तिने विचारलं, "तिथे आई आहे?"

मधली जागा. एका शब्दापुरती.

"बरं," खारू म्हणाली, आणि दुसरी सँडल घातली.

आईने दार कसं उघडलं ते तिला आठवत नाही. काखेत हात घालून तिने पोरीला बाहेर ओढलं. खारूचं अंग उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखं तापलं होतं. तिने लाथा मारल्या, आईच्या दंडाला चावली, तोंड आ करून रडली. आणि त्या उघड्या तोंडातून आवाजाचा टिपूससुद्धा बाहेर आला नाही.

८

दुपार व्हायला थोडाच वेळ होता. खारू आबांच्या मांडीवर हुंदके देऊन देऊन थकली होती. आबा तिच्या पाठीवर थरथरता हात फिरवत होते. "काय झालं काय एवढं? बसू दे की पोरीला. शेवटचं तर."

"नको, आबा. आता नको. धरून ठेवा तिला."

ती गाडीपाशी गेली. संध्याकाळी गाडी जाईल, आणि तिच्या लेकीचे सगळे शब्द घेऊन जाईल. लेकीला बसवलं तर लेकीला घेऊन जाईल. मधला मार्ग एकच उरत होता, आणि तो इतका वेडगळ होता की एरवी तिचीच हसून हसून पुरेवाट झाली असती. तिकीट एकाचंच असेल तर दुसऱ्याने बसावं. शब्द खारूचे, प्रवास आपला. कुणी ऐकत असेल तर त्याने हा व्यवहार मान्य करावा. तिचं मागणं याहून जास्त नव्हतं.

ती आत शिरली आणि डाव्या जागेवर बसली.

लहान मुलाच्या मापाचा खळगा. तिने स्वतः दाबलेला, त्यात मावणं शक्यच नव्हतं. सीटने तिला अलगद आत घेतलं. कंबर, मांड्या, सगळं बरोबर. कुणीतरी तिचं माप घेऊन, ताण वजा करून कापलं असावं इतकं बरोबर.

काही झालं नाही. आपल्या मूर्खपणाची तिला लाज वाटायला लागली. आणि तेवढ्यात बाहेरून, कारखान्याच्या दारातून, स्वच्छ, रोजच्यासारखा आवाज आला.

"आबा, पाणी."

"ऑं?" आबा. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण! पुन्हा म्हण बघू!"

"पाणी. थंड."

"आणतो! आत्ता आणतो माझी बाय! सूनबाई, ऐकलंस का? थंड पाहिजे म्हणते, थंड!" काठी खटाखट वाजवत आबा घराकडे पळत गेले. खरोखर पळत.

आईने तोंडावर हात दाबून धरला. हातातून हुंदका फुटला. झालं. मिळालं. आता उठायचं, जाऊन तिला छातीशी घ्यायचं, आणि ही गाडी फुंकून टाकली तरी चालेल.

उघड्या दारात खारू उभी होती. डोळे पुसलेले, चेहरा शांत. जरा मोठी दिसत होती. उंच नाही, मोठी. तिने दोन्ही हातांनी दार धरलं.

"आई," ती म्हणाली. दीड वर्षाने. "बोटं आत?"

त्या एका हाकेने आईचं सगळं भान गेलं. सवयीने, आनंदाने, काही कळायच्या आत तिने दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली.

दार लागलं. जपून, नीट दाबून, काही चेंगरणार नाही असं बघून.

"खारू. उघड गं राणी. बाहेरची कडी ओढ." तिचा हात आतल्या कडीकडे गेला. तिथे तिनेच मढवलेलं गुळगुळीत चामडं होतं. कडी टेबलावरच्या डब्यात. तिने चामड्यावर मुठी आपटल्या. आवाज आरपार जाऊ नये म्हणून पॅनेलमध्ये तिने जाड फेल्ट भरलं होतं, आणि काम चोख झालं होतं.

मग पुढची सीट बसली.

माणूस दिसला नाही. ती सीट तिने भरली होती, म्हणून तिला कळलं. आधी काठ दबला, मग मधला भाग, मग स्प्रिंगांनी एकेक करून वजन घेतलं. पाठीचं चामडं खांद्यांच्या उंचीवर ताणलं गेलं, दोन ठिकाणी, आणि कुणीतरी ऐसपैस रेलावं तशी सीट हलकेच कुरकुरली. लोंबत्या वायरींच्या बाजूने टिक, टिक, टिक सुरू झालं.

तिच्या डाव्या हातावर ऊन पडलं.

तिने खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं. बाहेर काय सरकतंय ते बघायचं नाही. फक्त खारूकडे बघायचं. खारू काचेशी उभी होती, तिथेच, चार बोटांवर, आणि तरी तिच्या केसांतून वारा जात होता. आईने फटीला तोंड लावलं. तिला 'उघड' म्हणायचं होतं. 'आबांना बोलाव' म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं, बारीक आवाजात.

"अजून किती लांब?"

खारूने ठोकळ्यावर चढून फटीतून बोटं आत घातली आणि आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. बऱ्याच रात्री न झोपलेल्या बाईकडे बघावं तसं मायेने बघितलं.

"झोप तू आता," ती म्हणाली. "पोचलो की मी उठवते."